पाऊस गेला, ओल राहिली

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मावशीने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, कौलारू. ट्रंकेत देव्हाऱ्याचे पडदे, समया गुंडाळून ठेवलेली आजोबांची धोतरं, आजीचं एक जांभळं इरकल आणि तळाशी दोन गोधड्या. मिरगाच्या आधी बंद केलेली ती ट्रंक चार महिन्यांनी उघडली आणि कुबट वास माजघरातून ओटीपर्यंत आला. नऊ वर्षांचा भाचा हौसेने मदतीला बसला होता. पाच मिनिटांत त्याला पहिली शिंक आली. मग दुसरी. मावशी चूल सांभाळत आतून मोजत होती. सतरापर्यंत मोजल्या आणि तिने मोजणं सोडून दिलं. तोवर पोराचे डोळे लाल झाले होते, नाकातून पाणी धो धो वाहत होतं आणि तो तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर सारखा घासत होता. रात्री त्याची छाती वाजू लागली. शेजारी झोपलेल्या मला ती घुरघुर अंधारात स्पष्ट ऐकू येत होती.

‘‘हवा बदलली गो,’’ मावशी म्हणाली. ‘‘घट बसायच्या सुमारास ह्याचं दर वर्षी असंच होतं.’’

सकाळी शेजारचे काका आले. त्यांनी पऱ्ह्यापलीकडच्या सातविणीकडे बोट दाखवलं. तिला नुकता बहर येत होता. सगळी पीडा तिच्या वासाची, ती तोडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं तर तिथे ‘व्हायरल’ असं निदान झालं आणि पाच दिवसांची प्रतिजैविकं हातात पडली. पोराला ताप नव्हता, घसा दुखत नव्हता. तरीही.

हवा, सातवीण आणि व्हायरल. आपल्याकडे शरदातल्या शिंकांची हीच तीन कारणं ठरलेली. मला स्वतःला हा त्रास वीस वर्षं आहे, म्हणून त्या दिवसानंतर मी हे प्रकरण तडीला न्यायचं ठरवलं. डॉक्टरांकडे बसले, जुने शोधनिबंध वाचले, गावात भाताच्या खळ्यांवर हिंडले. त्यातून जे हाती लागलं ते असं, की खरा गुन्हेगार बहुतेक वेळा बाहेर नसतोच. तो आपल्या उशीखाली असतो, आणि त्याला चार महिने खाऊपिऊ घालून पावसाळ्याने पोसलेलं असतं.

*

आधी ऋतूचं बघू. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकानुसार ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे आश्विन लागतो तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो आणि ऊन मात्र भाजायला लागलेलं असतं. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. जमीन ओली, भिंती ओल्या, हवेत वाफ, दुपारी अंगाची काहिली आणि पहाटे गवतावर दव. हळूहळू वारा फिरतो, समुद्रावरून येणारा दमट वारा मागे हटतो आणि जमिनीवरचा कोरडा वारा सुरू होतो. चार महिने जे भिजून, चिकटून, दबून बसलं होतं ते सुकतं, सुटं होतं आणि उडू लागतं. या लेखातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच एका वाक्यातून निघते.

आपल्या पूर्वजांना हा ऋतू धोक्याचा आहे हे पक्कं ठाऊक होतं. चरकाच्या ऋतुचर्येत शरदात दव टाळा, पूर्वेचा वारा टाळा, दिवसा झोपू नका, असं सांगितलेलं आहे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देण्याची प्रथा देशात ठिकठिकाणी अजून चालते. चित्रकूटला तर त्यासाठी मोठी गर्दी होते. त्या औषधाने दमा जातो असं मी म्हणणार नाही, आणि केवळ त्याच्या भरवशावर कुणी आपला पंप बंद केला तर तो जिवाशी खेळ आहे. पण तारीख बघा. वर्षाच्या बारा पौर्णिमांतून दम्याच्या औषधासाठी नेमकी शरदाची पौर्णिमा निवडली गेली. छाती कधी भरते हे लोकांनी शेकडो वर्षं पाहिलं होतं. कशाने भरते, ते मात्र डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपल्याला वाटतं की ॲलर्जी म्हणजे शरीर कमजोर आहे, प्रतिकारशक्ती कमी पडते. असं नाही. इथे पहारेकरी झोपलेला नसतो, उलट तो नको तितका जागा असतो. घरातल्या निरुपद्रवी धुळीला तो शत्रू समजतो. पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा शिंक येत नाही. शरीर गुपचूप त्या कणाची ओळख नोंदवतं आणि त्याच्यासाठी आयजीई नावाची खास प्रतिद्रव्यं तयार करतं. ही प्रतिद्रव्यं नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि त्यांच्यातलं हिस्टामाइन बाहेर पडतं. खाज, पाणी, सूज, शिंक हे सगळं त्याचं काम. आयजीईचा शोध १९६६-६७ साली लागला. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक, अशा दोन गटांनी तो स्वतंत्रपणे लावला.

म्हणूनच ‘इतकी वर्षं याच घरात राहतो, तेव्हा काही झालं नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. ओळख पटायला वेळ लागतो. काहींना सात वर्षं, काहींना चाळीस.

*

आता उशीखालच्या प्राण्याकडे येते.

१९६० च्या दशकात हॉलंडमधल्या लायडन शहरात फोरहोर्स्ट नावाच्या डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. घरातली धूळ दम्याच्या रुग्णांना बाधते हे माहीत होतं, पण धुळीतलं नेमकं काय? कोरड्या घरांतल्या धुळीपेक्षा दमट घरांतली धूळ अधिक जहाल का? १९६४ साली फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा दांपत्याने उत्तर मांडलं. धुळीत एक जीव राहतो. डस्ट माइट. कीटक नव्हे, तर आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला, गुरांच्या अंगावरच्या गोचिडाचा दूरचा भाऊबंद. लांबी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, रंग नाही म्हटलं तरी चालेल असा. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा, हे त्याचं अन्न. कोंडा सगळ्यात जास्त कुठे साठतो? जिथे आपण रोज सात-आठ तास अंग टाकतो तिथे. गादी, उशी, गोधडी.

दमट घराचा संबंध असा, की या जिवाला पाणी पिता येत नाही. हवेतली वाफ तो अंगानेच शोषून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली, तर तो सुकून मरतो. ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २५ अंशांच्या आसपासची ऊब मिळाली, तर त्याची चैन असते. जुलै-ऑगस्टातलं कोकण आठवा, मुंबई-ठाण्यातली बंद खोली आठवा. लायडनच्या घरांना जे जेमतेम साधतं, ते आपल्याकडे चार महिने फुकट मिळतं. शिवाय उष्ण दमट प्रदेशात ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस नावाचा आणखी एक माइट असतो, तो आपल्याकडेही आहे.

त्रास होतो तो माइटपेक्षा त्याच्या विष्ठेने. त्या गोळ्या साधारण २० मायक्रॉनच्या, म्हणजे परागकणाएवढ्या. त्यांच्यात पचनाची विकरं असतात आणि ती आपल्या नाकाच्या अस्तरातल्या पेशींमधले जोड सैल करून आत शिरतात. पावसाळ्यात संख्या वाढते, विष्ठा साठते, सगळं ओलसर असल्याने जागच्या जागी बसून राहतं. मग आश्विनाचं ऊन पडतं. अमेरिकेत व्हर्जिनियाचा उन्हाळा दमट असतो. तिथल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली रुग्णांच्या घरांतली धूळ महिन्यामागून महिने तपासून दाखवलं होतं, की दमट मोसमात माइटचं ॲलर्जन चढतं आणि हवा कोरडी झाली तरी लगेच उतरत नाही, पुढे कित्येक आठवडे रेंगाळतं. जीव मरतो, त्याची घाण उरते.

आमच्या ट्रंकेत तेच उरलं होतं. चार महिन्यांचा साठा एका झटक्यात पोराच्या नाकासमोर उघडला गेला.

इथे मला आपल्या आज्यांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. नवरात्राआधी घर झाडून, सारवून, एकूण एक गोधडी नदीवर नेऊन धुण्याचा रिवाज महाराष्ट्रात गावोगाव आहे. गोधड्यांनी भरलेल्या बैलगाड्या नदीकडे जाताना मावशीने लहानपणी पाहिल्या आहेत. कातळावर आपटून धुतलेल्या गोधड्या दिवसभर उन्हात. माइट मारून त्याची विष्ठा धुऊन काढण्यासाठी याहून नेमकं वेळापत्रक वैद्यकालाही आखता आलं नसतं. आज फ्लॅटमध्ये गादी एकदा पलंगावर पडली की दहा-दहा वर्षं हलत नाही. गोधडी गेली, जाड रजई आली. ती वॉशिंग मशीनमध्ये मावत नाही. नुसतं ऊन दाखवून काम अर्धंच होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. उन्हाने माइट मरतील, पण विष्ठेतलं प्रथिन तसंच राहतं. ऊन दिल्यावर झटकणं आणि धुणं, दोन्ही लागतं. धुताना पाणी ६० अंशांचं हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कढत.

*

ट्रंकेतला तो कुबट वास मात्र माइटचा नव्हता, बुरशीचा होता.

दमट प्रदेशात बुरशीला भिंत, चामडं, पुस्तक, लाकूड, काहीही चालतं. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर पांढरी लव येते ती आपण फडक्याने पुसतो आणि विसरतो. त्या लवेतून सुटणारे बीजाणू परागकणांपेक्षा पुष्कळ लहान असतात. ॲस्परजिलसचा बीजाणू जेमतेम २ ते साडेतीन मायक्रॉनचा. एवढा बारीक कण नाकात अडकत नाही, थेट खाली छातीत जातो. म्हणून बुरशीची ॲलर्जी असलेल्यांना शिंकांपेक्षा दम लागण्याचा धोका अधिक. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या बाहेरच्या, पानांवर वाढणाऱ्या बुरश्या. पाऊस ओसरला की कुजलेल्या पानापाचोळ्यावरून आणि पिकांवरून त्यांचे बीजाणू कोरड्या वाऱ्यावर निघतात.

घरातल्या बुरशीचं उदाहरण चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरलं. चिखल काढला गेला, भिंतींना रंग लागले, दुकानं पुन्हा उघडली. तिथल्या माझ्या एका परिचितांच्या घरात मात्र जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर भिंतीतून एक काळपट रेघ दर पावसाळ्यात नव्याने उमटते. रंग लावला की झाकते, भाद्रपदात परत येते. कारण ओल भिंतीच्या आत आहे आणि बुरशी ओलीमागोमाग येते. वरून ऑइलपेंट मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. गळती, ओल, तुंबलेली मोरी हे आधी दुरुस्त झालं पाहिजे; रंगाचा नंबर त्यानंतर.

गावात याच दिवसांत भात कापणीला येतं. हळवी भातं दसऱ्याच्या आसपास, गरवी दिवाळीच्या पुढे. खळ्यावर झोडणी सुरू झाली की तूस, कूस आणि बारीक धूळ यांचा ढग उठतो. मी गेले त्या खळ्यावर पाच बायका झोडत होत्या, पैकी तिघींनी पदर नाकावरून घट्ट बांधलेला. रात्री अंग खाजतं, खोकला येतो, हे त्यांच्या बोलण्यात इतकं सहज आलं, जणू ते भाताबरोबरच येणारं पीक आहे. परतीच्या पावसात भिजलेला पेंढा तसाच उडवीला रचला, तर तो आतून तापतो आणि त्यात वेगळेच सूक्ष्मजीव वाढतात. असा पेंढा उपसल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप आणि धाप लागली, तर ती शिंकांची ॲलर्जी नव्हे. तो फुप्फुसाचा वेगळा आजार आहे, वारंवार झाला तर फुप्फुस कायमचं कडक होतं. खळ्यावरच्या बाईला आपण ‘धूळ लागली असेल’ म्हणून घरी पाठवू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

*

राहिली सातवीण. तिच्यावर फार अन्याय होतो आहे.

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, कुठेही ऑक्टोबरात संध्याकाळी फिरायला निघा, तिचा तो जड, गोड, डोक्यात जाणारा वास येतोच. सोसायट्यांच्या बैठकांत ही झाडं तोडण्याच्या मागण्या होतात. आता साधा नियम सांगते. जे फूल दिसतं आणि ज्याचा वास येतो, त्याला कीटकांना बोलवायचं असतं. त्याचे परागकण जड, चिकट, किड्याच्या अंगाला लागून जाणारे. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडाला दिसण्याची किंवा दरवळण्याची गरजच नसते, त्यामुळे त्याचं फूल कुणाच्या नजरेत भरत नाही. सातवीण पहिल्या प्रकारातली. तिच्या उग्र वासाने नाक चुरचुरतं, डोकं दुखतं, दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो. झाडाखाली घर असलेल्यांची तक्रार खोटी नाही. पण शहरभर लोक शिंकतात त्याचा ठपका तिच्यावर येतो, कारण ती नेमकी त्याच दिवसांत फुलते आणि वासामुळे तिचं अस्तित्व जाणवतं. तिच्या लाकडाच्या पूर्वी मुलांसाठी पाट्या करत, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आहे. विश्वभारतीत पदवीदानाला सप्तपर्णीची पानं देण्याची परंपरा आहे. असं झाड नुसत्या संशयावर तोडू नये.

खरे पराग सोडणारे बघायचे असतील तर खाली बघा. गवत. आश्विनात कोकणच्या वरकस उतारांवर कमरेएवढं गवत फुलोऱ्यावर येतं. त्याला फुलं असतात हेही अनेकांना माहीत नसतं. सकाळच्या उन्हात एक तुरा हातात धरून बोटाने टिचकी मारली तर पिवळसर धूर निघावा तसे पराग उडतात. मी मारून पाहिली आणि पुढचा तास शिंकत बसले. रस्त्याकडेचा काटेमाठ, चाकवताच्या कुळातलं तण, एरंड, हे सगळे वाऱ्यावर पराग सोडणारे. आणि गाजर गवत. पुण्यात १९५५ साली उकिरड्यांवर त्याची नोंद झाली आणि पुढे देशभर त्याने हातपाय पसरले. पांढऱ्या चिमुकल्या फुलांमुळे चटकचांदणी असं देखणं नाव त्याला मिळालं. एकेका झाडाला हजारो बिया. त्याच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग विशेष वाईट. उघड्या मानेची, चेहऱ्याची, हातांची कातडी जाड, काळपट, भेगाळलेली होते. ते उपटायचं तर फुलण्याआधी आणि हातमोजे घालून.

दमट हवेची आणखी एक करामत आहे. गवताचा परागकण ३० मायक्रॉनच्या आसपासचा, नाकातच अडकणारा. पण ओल लागली तर तो फुगून फुटतो आणि त्यातून शेकडो सूक्ष्म कण बाहेर पडतात, प्रत्येकावर ॲलर्जन माखलेलं, आणि तेवढे बारीक कण छातीत उतरतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं, तिथला तो वसंत, गवताचा मोसम. त्या रात्री हजारो लोक श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयांकडे धावले आणि दहाजण दगावले. त्यांतल्या कित्येकांना त्याआधी फक्त शिंका येत, दमा कधीच नव्हता. परतीचा पाऊस आपल्याकडेही विजांसकट येतो आणि तेव्हा डोंगर गवताने फुललेले असतात. गवताची ॲलर्जी असलेल्याने असल्या वादळाच्या वेळी खिडक्या लावून घरात बसावं, एवढी काळजी घ्यायला काहीच खर्च येत नाही.

हवेत काय उडतं हे मोजण्याची परंपरा आपल्या देशाला नवीन नाही. डग्लस कनिंगहॅम यांनी १८७३ साली कलकत्त्याच्या हवेतले बीजाणू आणि पराग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची चित्रं प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी वायुजीवशास्त्राची शाळाच उभी केली आणि हवेतले कण पकडणारं ‘टिळक एअर सॅम्पलर’ हे देशी यंत्र तयार केलं. असं असूनही आज टीव्हीवर पावसाचा अंदाज मिळतो, हवेतल्या धुराचा आकडा मिळतो, पण उद्या गवताचे पराग किती, हे रत्नागिरीतल्या आईला सांगणारं कुणी नाही. ते असायला हवं.

*

उपचाराबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे मी स्वतः चुकले.

दोन वर्षं मी नाक मोकळं करणारे थेंब वापरत होते. औषधाच्या दुकानात मागितले, त्यांनी दिले. टाकले की मिनिटाभरात नाक उघडायचं. मग दिवसातून दोनदा, मग चारदा, मग उशाशी बाटली. हे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरायचे नसतात. त्यानंतर थेंबांमुळेच नाक चोंदतं. मला हे सांगितलं कुणी तर ठाण्यातल्या एका ॲलर्जीतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी, आणि तेही दोन वर्षांनी. सोडताना तीन आठवडे मी बसून झोपले.

दुसरी गोष्ट गोळीची. दुकानात ‘शिंकांची गोळी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा लिव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्ट एकत्र असलेली गोळी मिळते. मॉन्टेल्युकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य येऊ शकतं म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. गोळी वाईट नाही, पण मुलाला महिनोन्‌महिने मनाने द्यायची ती गोष्ट नव्हे.

ज्याला आपण सगळ्यात जास्त घाबरतो ते औषध मात्र नाकाच्या ॲलर्जीवर सगळ्यात गुणकारी आहे: नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की घरात कालवा होतो. पण फवाऱ्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती जिथे हवी तिथेच पडते. तो थेंबांसारखा लगेच काम करत नाही. रोज मारला तर पुरता परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली फेकतात. मारण्याची पद्धतही चुकते. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. मग जोरात ओढायचं नाही. एवढं दाखवायला डॉक्टरांना दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं हक्काने मागून घ्या.

पंपाचंही तसंच. पंपाची सवय लागते हा समज मी शिकल्यासवरल्या घरांत ऐकला आहे. दम्याचं रोजचं औषध पंपातून दिलं की ते थोडक्यात, नेमकं छातीत जातं. लगेच आराम देणाऱ्या पंपावरच दिवस काढणं मात्र धोक्याचं. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे, की मोठ्या आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ त्या पंपावर ठेवू नये. आणि एक वाक्य पुरं करताना धाप लागत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर काढा नको, वाफ नको, सकाळची वाट बघणं नको. त्याच क्षणी रुग्णालय.

नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे शोधायला त्वचेवरची चाचणी असते. माझी झाली. आठवडाभर आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब आणि त्यातून हलकी टोचणी. एक थेंब मीठपाण्याचा, एक हिस्टामाइनचा, ते तुलनेसाठी. पंधरा मिनिटांनी मीठपाण्याजवळ काही नव्हतं, गवताजवळ वाटाण्याहून लहान गांध, आणि माइटच्या दोन आकड्यांवर अशा गांधी उठल्या की त्या एकमेकींना भिडल्या. मी वीस वर्षं ऑक्टोबरात खिडक्या बंद करून, त्याच गादीवर पडून राहत होते.

ज्यांचं औषधाने भागत नाही त्यांच्यासाठी ॲलर्जनची मात्रा अगदी थोडी सुरू करून वाढवत नेण्याचा उपचार आहे. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली तो गवताच्या परागांवर पहिल्यांदा मांडला. इंजेक्शनने किंवा जिभेखाली, साधारण तीन वर्षं. तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचा. रस्त्यावरच्या फलकांवर ‘ॲलर्जी मुळापासून’ अशी हमी देणाऱ्यांकडे जाऊ नका.

*

भाच्याचीही चाचणी केली. माइट आणि बुरशी. गवत नाही. सातविणीच्या बाजूने मी ज्या काकांशी भांडले होते त्यांना हे सांगायला मुद्दाम गेले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग ऱ्हाऊ दे झाड.’’ मावशीने कापसाची जुनी गादी पिंजाऱ्याकडे न देता टाकून दिली, नव्या गादीला आणि उशीला घट्ट विणीचे, चेनचे अभ्रे शिवून घेतले. पोराच्या उशाजवळचा लोकरी ससा दोन दिवस शेजारणीच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून मग धुतला. ट्रंक आता माळ्यावर नाही, पडवीत चौरंगावर आहे आणि पावसाळ्यातही उघडीप मिळाली की उघडली जाते. पोराला फवारा सुरू आहे. यंदा घट बसले तेव्हा त्याला शिंका आल्या, पण छाती वाजली नाही.

दिवाळीची साफसफाई अजून उरली असेल तर एवढं करा. ज्याला ॲलर्जी आहे त्याला माळा, कपाट, पुस्तकांची फडताळं यांच्या वाटेला जाऊ देऊ नका. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. गाद्या झटकायचं काम दुसऱ्याने करावं, अंगणात किंवा गच्चीवर, नाकातोंडाला मास्क बांधून. ज्या खोलीत झाडझूड झाली तिथे ॲलर्जीवाल्याने पुढचे दोन-तीन तास शिरू नये. फटाक्यांचा धूर ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या श्वासनळीवर तो मिठासारखा चोळला जातो. घरात दमेकरी असेल तर दारातले फटाके बंदच ठेवा. आणि घरातल्या ज्या मुलाला ‘सतत सर्दी’ असते, जे तळहाताने नाक वर घासतं, ज्याच्या नाकावर त्या घासण्याने आडवी रेघ उमटली आहे, त्याला दिवाळीच्या सुट्टीतच डॉक्टरांना दाखवा.